शेजारचे नॉमिनेटेड तात्या

शेजारच्या तात्यांचं तेरावं काल झालं. पंगत उठल्यावर कोपरगावाहून आलेल्या एका वकिलांनी उभं राहून चार शब्द सांगितले. म्हणाले, माणसं पारखणारा माणूस गेला. ह्या पुणतांब्यातली कितीतरी माणसं तात्यांनी निवडली, घडवली, पुढे आणली. मी आत उष्ट्या पत्रावळी गोळा करत होते. हातातली पत्रावळ हातातच राहिली.

चार माणसांत बोलायची मला सवय नाही. कुणी नुसतं 'काय वहिनी' म्हटलं तरी माझा पदर तोंडावर येतो. पण मराठी चौथी झालेली आहे, लिहिता येतं. म्हणून हे लिहून ठेवते. कुणी वाचावं म्हणून नाही. नुकत्याच गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, हेही कळतं. पण वकिलांचं बोलणं पोटात राहू द्यायचं म्हटलं तर मला जेवण गोड लागणार नाही.

आमचं शिंप्याचं घर आणि तात्यांचं घर यांच्यामध्ये एकच भिंत. तिकडे शिंक आली की इकडे कळायची. शिवाय तात्यांचं सगळं आयुष्य ओट्यावर चालायचं. उन्हाळा असो की थंडी, अंगात काळा बंद गळ्याचा कोट, उजव्या हाताच्या पहिल्या बोटात अंगठी, आणि ते बोट कायम पुढे. पान मागायचं तरी बोट, पाणी मागायचं तरी बोट.

आणखी एक खोड होती. 'बसा तात्या' असं कुणी म्हटल्याशिवाय ते बसत नसत. स्वतःच्या ओट्यावरसुद्धा. सकाळी कोट चढवून बाहेर यायचे आणि खांबाला टेकून उभे राहायचे. रस्त्यानं जाणारं कुणीतरी 'बसा की तात्या' म्हणालं की मगच टेकायचे. कुणी आलंच नाही, तर काकी, म्हणजे त्यांची बायको, आतून तव्यावरची भाकरी उलटता उलटता ओरडायची, "बसा हो, बसा." मग बसायचे. जेवायलाही 'चला' म्हटल्याशिवाय उठत नसत. नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, केवढा हा मोठेपणा. पुढे कळलं, त्या माणसाला स्वतःहून काही करताच येत नव्हतं.

कलेक्टरसाहेबांनी त्यांना शाळा कमिटीवर नॉमिनेट केलं होतं, आणि लढाई सुरू झाल्यावर रेशनच्या कमिटीवरही. हा इंग्रजी शब्द त्या ओट्यावर मी इतक्या वेळा ऐकला, की माझ्या तान्ह्या मुलीलाही तो पाठ झाला असता. किसन माळी रोज संध्याकाळी तिथे यायचा. त्याला रॉकेलच्या दुकानाचा परवाना हवा होता. एकदा त्यानं विचारलं, "तात्या, लोकं निवडून देत्यात ते येगळं आन् तुमचं येगळं, म्हंजी काय?"

तात्या खुलले. "अरे, इलेक्ट म्हणजे दहा मूर्खांनी हात वर करायचे. त्यात काय आहे? सिलेक्ट म्हणजे ढिगातून एक उचलायचं, बाजारात वांगी उचलतो तसं. अपॉइंट म्हणजे पगार देऊन ठेवायचं, म्हणजे नोकर झाला. आणि नॉमिनेट म्हणजे सरकारनं सबंध गावावरून नजर फिरवायची आणि एका माणसाकडे बोट करायचं. असं." आणि अंगठीचं बोट त्यांनी स्वतःच्याच कोटाला लावलं.

"आन् मानूस कसा हाय, त्ये कोन बघतं?"

"बघायचं काय त्यात? बोट केलं की झालं."

"व्हय व्हय. आंदन आलेल्या बैलावानी. दात बघायचे न्हाईत."

ओट्यावरची माणसं हसली. तात्याही हसले. त्यांना ती स्तुती वाटली होती.

सरकारनं त्यांच्याकडे बोट का केलं, ते मला काकीनं सांगितलं. आम्ही दोघी मागच्या दारी धान्य पाखडत होतो. "अगं, कसली पारख नि काय. त्या साली साहेबाचा तंबू नदीकाठी पडला. साहेबाची खाट मोडली वाटंत. ह्यांनी आमची लाकडी खाट पाठवली, माझ्या बापानं दिलेली. आठ दिवस मी आन् पोरी जमिनीवर. जाताना साहेबानं इचारलं, खाटवाला मानूस कोन? झालं. खाट गेली ती गेलीच, आन् हे नॉमिनेट होऊन आले." काकी सुपातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "माझ्या बापाची खाट शाळा कमिटीवर बसलीय, असं म्हनायचं."

काकीला जे दिसलं ते वकिलांना दिसलं नाही.

तात्यांना स्वतःला कुणी नेमलं होतं, म्हणून दुसऱ्यांना नेमायची फार हौस. एकदा आळीतल्या विहिरीत काकीची तांब्याची घागर पडली. तात्या काठावर जाऊन उभे राहिले. "किसन, गळ आणायला मी तुला नॉमिनेट करतो. तू रे, दोर आणायला. आणि तू ह्या दोघांवर लक्ष ठेवायला." गळ कुणाकडे आहे हे बघायला किसन निघून गेला, दोर आणणारा किसनची वाट बघत बसला, आणि लक्ष ठेवणाऱ्यानं पारावर ताणून दिली. दुपार झाली तशी सगळी जेवायला घरी गेली. मग काकीनं आमच्याकडून गळ नेला आणि घागर स्वतः वर काढली. मी नुसता दोर धरला होता. संध्याकाळी ओट्यावरून आवाज आला, "माणसं नीट नेमली की काम कसं होतं बघा. घागर निघाली की नाही?"

इथपर्यंत हसण्यावारी न्यावं. पुढचं नेता येत नाही.

तात्यांच्या शब्दावर खरोखर काही गोष्टी अडायच्या. परवाना कुणाला, शाळेचा शिपाई कोण, हे कमिटीतून पुढे कळवायचं, आणि कमिटीत तेच एक बोलणारे. ज्याला काही हवं असेल त्यानं आधी त्यांच्या घरी उमेदवारी करायची, अशी त्यांची रीत. जुन्या कचेऱ्यांत बिनपगारी काम करून नोकरीची वाट बघत, तशी. परवान्यासाठी किसन त्यांच्या घरी सरपण टाकायचा. शाळेच्या शिपायाची जागा ज्याला हवी होती तो पाणी भरायचा. गावात रॉकेल मिळेना तेव्हाही त्यांच्या ओट्यावर कंदील जळायचा, आणि त्या उजेडात ते म्हणायचे, "मी करतोय तुझं नॉमिनेशन. चाललंय." केलं, असं म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. नेमून टाकलं, की माणूस सरपण टाकणं बंद करील. एवढं गणित त्यांना येत होतं.

ह्या उमेदवारांत माझी नणंद होती.

तिला नवऱ्याघरून परत आणली तेव्हा तिचं वय अगदी कोवळं होतं. नवरा तापानं गेला होता. लग्नाआधी ती सातवीची फायनल पास झाली होती, आमच्या आळीत तेवढी शिकलेली दुसरी बाई नव्हती. माहेरचं तिचं नाव द्वारका. लग्नात तांदळात नाव लिहून सासरच्यांनी इंदिरा ठेवलं. परत आल्यावर तिला काय म्हणायचं, हा प्रश्न पडला. सासूबाईंच्या तोंडून द्वारका निघेना, कारण द्वारका म्हणजे त्यांची कुंकू लावलेली पोर. आणि इंदिरा म्हणावं तर ते नाव ज्या घराचं, ते घरच संपलेलं. म्हणून कुणीच नाव घेईना. सासूबाई 'अगं' म्हणायच्या, मी 'वन्सं' म्हणायची, लोक 'शिंप्याची बहीण' म्हणायचे. आपलं नाव कुणी घेत नाही, याचं तिला काही वाटतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. ती मशीनवर बसून काजं करायची आणि ओठातल्या ओठात जुन्या कविता म्हणायची.

गावात मुलींची शाळा होती, मास्तरीण नव्हती. पुण्याला बायकांचं ट्रेनिंग कॉलेज होतं, तिथे कमिटीनं नाव पाठवलं तर फी न घेता ठेवून घेत. पण वयाची अट होती. वन्संच्या हातात थोडी वर्षं होती, ती गेली की पुढे जन्मभर काजं आणि बटणं. सासूबाई म्हणाल्या, "तात्यांनी नेमलं तर जाईल. आपली आपण गेली तर लोक म्हनतील, पळाली."

वन्सं तात्यांकडे गेली. तात्यांनी बोट वर केलं. "करतो नॉमिनेट. तोवर माझ्या मुलींना जरा शिकव. तुझीही सवय राहील."

ती रोज दुपारी तिकडे जायला लागली. दोन्ही पोरी तिनं वाचत्या केल्या. काकीच्या चोळ्या शिवल्या, तात्यांच्या कोटाची बटणं लावली, कापड मिळेना तेव्हा जुन्या कोटाचं अस्तर उलटून नवं करून दिलं. उन्हाळा आला की विचारायची. तात्या म्हणायचे, "ह्या वर्षी थांब. वरच्या साहेबांची बदली व्हायचीय." पुढच्या उन्हाळ्यात म्हणाले, "ह्या वर्षी थांब. नवे साहेब आलेत, त्यांना रुळू दे."

मी एकदा न राहवून काकीला विचारलं. काकी मान खाली घालून म्हणाली, "तुला खरं सांगू? ती गेली तर पोरींना शिकवील कोन, म्हनाले." त्या दिवसापासून मी त्या ओट्याकडे तोंड करून उभी राहिले नाही. पाणी आणायला लांबून जायची. तात्यांना ते कळलंही नसेल.

आणि मग एका सकाळी, कळवलं नव्हतं काही नाही, मामलेदार आणि शाळा तपासणाऱ्या बाई गावात आल्या. बाई नगरच्या. पांढरं पातळ, पायात बूट, आवाज शांत. तात्यांच्या ओट्यावर सतरंजी पडली. काकीनं मला चहाला हाताशी बोलावलं. माजघरात वन्सं पोरींना पाढे शिकवत होती, दार अर्धं उघडं होतं.

बाईंनी पहिलंच विचारलं, "तुमच्या गावाहून ट्रेनिंगला बाई का येत नाही? आसपासच्या गावांतून नावं येतात."

तात्या उभेच होते, कारण त्यांना कुणी 'बसा' म्हणालं नव्हतं. "आय ॲम नॉमिनेटिंग, मॅडम," ते म्हणाले. "आय ॲम ऑलवेज नॉमिनेटिंग."

"मराठीत सांगा," बाई म्हणाल्या. "म्हणजे मलाही समजेल."

मामलेदारांनी मिशीत हसू दाबलं. तात्या म्हणाले, "आहे ना, आहे एक. माझ्या हाताखाली तयार झालेली आहे. दोन वर्षं माझ्या घरी येते."

"वा. नाव काय?"

तात्यांनी कोटाचं बटण चाचपलं. मग म्हणाले, "शिंप्याची बहीण." आणि त्यांनी आमच्या ह्यांचं नाव सांगितलं.

"भावाचं नको. तिचं."

"मास्तरीण म्हणतात तिला. माझ्या मुली म्हणतात."

"मास्तरीण तर आम्ही तिला करणार आहोत. त्याच्या आधी काय म्हणतात?"

तात्यांनी आत बघितलं. "अगं ए," ते काकीला म्हणाले. काकीनं माझ्याकडे बघितलं. दोन वर्षं वन्संनं तात्यांच्या कोटाला बटणं लावली, पोरींना अक्षर दिलं, आणि त्या घरातल्या एकाही मोठ्या माणसाला तिचं नाव आठवेना. माझ्या घशाशी नाव आलं होतं. पण वन्संनं पाटी खाली ठेवली, पदर नीट केला आणि माझ्या शेजारून बाहेर गेली. मामलेदारापुढे विधवा बाईनं असं जाऊन उभं राहिलेलं आमच्या आळीनं तोवर पाहिलेलं नव्हतं.

"द्वारका," ती म्हणाली. "फायनलच्या दाखल्यावर हेच आहे."

ते नाव इतक्या वर्षांनी ऐकलं आणि ते तिच्याच तोंडून.

बाईंनी तिला जवळ बोलावलं. काय शिकवता, कसं शिकवता, ते विचारलं. पोरींना बाहेर बोलावून धडा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "यायला तयार आहात?"

"आज निघू का?"

मामलेदार मोठ्यानं हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "जूनमध्ये या. नाव मी धरलं."

सगळं ठरून, चहा पिऊन माणसं उठायला लागली, तेव्हा तात्यांचं बोट वर झालं. "आय नॉमिनेट," ते म्हणाले. कुणी लक्ष दिलं नाही.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की तात्यांनी शिंप्याची बहीण नेमली. सासूबाईंचाही जीव भांड्यात पडला, तात्यांच्या ओट्यावर झालं म्हणजे रीतीनंच झालं. मला राग आवरेना. रात्रीची भांडी घासताना मी म्हणाले, "वन्सं, हे काय म्हणतात लोक?"

"म्हणू दे, वैनी," ती म्हणाली. "गाडीत बसेपर्यंत त्यांचंच बोट. गाडी सुटली की माझे पाय."

ती गेल्यावर थोड्याच दिवसांत तात्यांनी आमच्या ह्यांच्याकडे निरोप धाडला, की दुसरं कुणी पोरींना शिकवणारं असेल तर पाठवा, पुढेमागे नॉमिनेट करू. ह्यांनी जन्मात पहिल्यांदा त्या घराला नाही म्हटलं.

नंतर स्वराज्य आलं. चावडीवर झेंडा लागला. साहेब गेले आणि साहेबांचं बोटही गेलं. मग गावाच्या पंचायतीला माणसं निवडायची ठरली. चावडीवर सांगितलं, ज्याला उभं राहायचं त्याचं नाव गावातल्या दुसऱ्या कुणी सुचवायचं. त्यालाही इंग्रजीत नॉमिनेट करणंच म्हणतात, हे मला द्वारकेनं पुढे सांगितलं. तात्यांनी ते कुणाला समजावून सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांच्या शब्दाला वरून खाली येणारी एकच वाट होती.

त्या दिवशी कोट झटकून तात्या सकाळपासून ओट्यावर उभे. काकीनं 'बसा' म्हटलं तरी बसले नाहीत. कुणीतरी येऊन नाव सुचवतो म्हणेल, म्हणून ते थांबले होते. ऊन ओट्यावर चढलं. दुपारी किसन चावडीवरून परत जाताना दिसला.

"किसन, काय चाललंय तिकडे?"

"काय न्हाई तात्या. नावं सुचवा म्हनत्यात."

"मग?"

"मग काय, म्या मेव्हन्याचं सुचिवलं." आणि तो चालता झाला. त्याला परवाना शेवटपर्यंत मिळाला नव्हता. त्यानं टाकलेलं सरपण मात्र अजून काकीच्या परसात रचलेलं होतं.

चावडी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. स्वतः जाऊन, 'माझं नाव घ्या रे' असं एका माणसाला तरी म्हणता आलं असतं. ते गेले नाहीत. दिवेलागणीला काकीनं दंडाला धरून आत नेलं.

तात्यांना मी चांगल्या उजेडात शेवटचं पाहिलं ते स्टेशनवर. त्यानंतर ते अंथरुणालाच खिळले. द्वारकेची बदली आमच्याच गावच्या मुलींच्या शाळेवर झाली होती आणि तिला आणायला मी बैलगाडी घेऊन गेले होते. फलाटावर तात्या आधीच हजर. तोच काळा कोट, हातात झेंडूचा हार. नवे देशी कलेक्टर ह्या गाडीनं जाणार असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. स्टेशनमास्तर त्यांना सांगत होते, "अहो, साहेब कालच मोटारीनं गेले." तात्यांना ते पटत नव्हतं.

गाडी आली. साहेब कुठल्याच डब्यात दिसले नाहीत. बायकांच्या डब्यातून द्वारका उतरली. पांढरं पातळ, पायात चपला, हातात ट्रंक. अंग थोडं भरलं होतं. तिनं मला लांबूनच हात केला.

स्टेशनमास्तरांनी विचारलं, "ह्या कोण?"

तात्यांच्या चेहऱ्यावर उजेड आला. बोट वर झालं. "ही? ही आमची. मीच नॉमिनेट केलेली. आता इथे मास्तरीण."

"असं का. नाव काय बाईंचं?"

तात्यांनी हार ह्या हातातून त्या हातात घेतला. मग त्यांनी द्वारकेकडे बघितलं. मागच्या खेपेला ती आतून आली होती आणि तिनं सांगून टाकलं होतं. ह्याही वेळी सांगेल, म्हणून ते बघत राहिले.

द्वारका त्यांच्यासमोर क्षणभर उभी राहिली. मग वळून गाडीवानाला म्हणाली, "ट्रंक जपून ठेवा, त्यात पुस्तकं आहेत."

मग तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. माझी ती नेहमीचीच सवय, त्यामुळे कुणाला त्यात काही वेगळं दिसलं नसेल.

आगगाडी सुटली. आम्ही दोघी बैलगाडीत चढलो आणि मी एकदा मागे पाहिलं. स्टेशनमास्तर आत गेले होते. तात्या हार घेऊन उभे होते, आणि त्यांच्या मागे फलाटावरचा लाकडी बाक रिकामा होता. बसा म्हणणारं तिथे कुणी नव्हतं.